परवाना डुकरासाठी, नेम माणसावर



या अंकाचं पहिलं पान जमिनीच्या दाव्यांच्या यादीसाठी ठेवलं होतं. ती यादी शेवटच्या पानावर टाकली आहे, कारण गेल्या महिन्यात जे घडलं त्याबद्दल आधी बोलणं भाग आहे. ज्या गावात वाचणारा एकच असेल तिथं त्यानं हे बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं. बाया आल्याशिवाय वाचायला सुरुवात करू नये.

घडलं ते बहुतेकांच्या कानावर गेलंच आहे. आपल्या एका गावचा पोरगा, वय विशीच्या आतबाहेर, मजुरीवरून रात्री घरी येत होता. पायवाट मालकाच्या मक्याच्या बांधावरून जाते. त्याचा बाप, आजा त्याच वाटेनं ये-जा करत आले. मक्यातून बार झाला आणि छर्रे मांडीत नि गुडघ्यात घुसले. पोरगा ओरडला तेव्हा बॅटरीचा उजेड पडला, आणि उजेडामागून आवाज आला, "अरे, डुक्कर वाटलं." बैलगाडीत घालून दवाखान्यात नेईपर्यंत पहाट झाली. ठाण्यात लिहिलं गेलं: अपघात. आता गुडघा वाकत नाही. निंदणी, कापणी, ऊसतोड, सगळी कामं गुडघा वाकवून करायची. त्या पोरानं पुढं काय करायचं, हे लिहून घेणाऱ्यानं विचारलं नाही.

गावाचं आणि माणसांची नावं आम्ही मुद्दाम छापत नाही. तक्रार वर गेली आहे आणि साक्षीदारांना त्याच शेतांवर कामाला जायचं आहे.

यानंतर तीन गावांच्या पोरांची एक बैठक झाली. पोरं म्हणाली, आता बस झालं. आपणही बंदूक घ्यायची. घरटी वर्गणी काढायची. परवाना मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर ठासणीची करून घ्यायची. आपल्याकडंही बंदूक आहे हे एकदा मालक लोकांना कळलं की मग रात्रीच्या वेळी कुणाला डुक्कर दिसणार नाही. थोडी वर्गणी जमाही झाली आहे. येत्या अमावस्येच्या मोठ्या बैठकीत यावर ठरायचं आहे.

आम्हाला या पोरांचा राग आलेला नाही. आमच्यातल्या दोघा-तिघांना तर पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण आमचं मत असं झालं आहे की बंदूक घेऊ नये. का घेऊ नये, आणि न घेता काय करायचं, हे दोन्ही इथं लिहितो. नुसतं "घेऊ नका" सांगून आपापल्या घरी जाणारे सल्लागार तुम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

बंदूक कुणाला आणि कशासाठी मिळते

आधी कायदा बघू. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायची बंदी, गोऱ्याला मात्र सूट. स्वराज्य आल्यावर १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला. त्यात काळा-गोरा भेद राहिला नाही. परवाना जिल्हाधिकारी देतात, आधी ठाण्याचा अहवाल मागवतात. या कायद्याच्या १४ व्या कलमात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कुणालाही परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे कागदावर सालदार आणि बागायतदार सारखेच.

आता आपल्या आपल्या गावात नजर फिरवा. किती बंदुका आहेत? त्या कुणाच्या घरात आहेत? एकतरी सालदाराच्या घरात आहे का? कागदावर सारखं आणि गावात असं, हे आपल्याला नवीन नाही. जमिनीचंही असंच आहे.

याच कायद्यात पिकाच्या राखणीसाठी वेगळा परवाना आहे. मुळात तो ठासणीच्या बंदुकीसाठी. ठासणीच्या बंदुकीनं भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर साध्या नळीची दुसरी बंदूक देता येते. माणसांना नि गुरांना इजा करणारी, पिकाचं नुकसान करणारी जंगली जनावरं मारण्यासाठी, असा या परवान्याचा हेतू लिहिलेला असतो. म्हणजे डुकरासाठी. मजुरासाठी नाही, वाटसरूसाठी नाही, बांधावर गवत कापणाऱ्या बाईसाठी नाही, आणि कापणी झाल्यावर सरवा वेचायला आलेल्या पोरांसाठी तर नाहीच.

पण होतं काय? बंदूक घरात आली की ती शेतात थोडी आणि गावात जास्त फिरते. मालक ती खांद्याला लावून बाजारात जातो. मजुरीचा दर ठरवायची बोलणी असली की ती खाटेवर बाजूला ठेवलेली असते. कुणी काही बोलत नाही. बार काढायची गरजही पडत नाही. दोन रुपये वाढवून मागायला गेलेला माणूस तिच्याकडं बघतो आणि एक रुपया मागून परत येतो. डुक्कर मारणारी बंदूक अशी मजुरी मारते.

मालाच्या रक्षणासाठी जीव घेता येतो का?

मालक लोक म्हणतात, चोऱ्या होतात, आम्ही आमच्या मालाचं रक्षण करायचं नाही का? करावं. भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं त्यासाठीच आहेत. आपलं आणि दुसऱ्याचं शरीर, आपली आणि दुसऱ्याची मालमत्ता, यांचा बचाव करायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण त्या हक्काला मर्यादा आहेत, आणि त्या मालकानं वाचल्या नसतील तर आपण त्याला वाचून दाखवू.

कलम ३७ म्हणतं: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येणार नाही. सरकारी मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही.

कलम ४१ म्हणतं: मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी चालेल, असे प्रसंग मोजकेच. जबरीची लूट, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठवलेल्या जागेला आग. आणि अशी चोरी, नासधूस किंवा घरात घुसणं, की ज्यात बचाव केला नाही तर मरण येईल किंवा जबर दुखापत होईल अशी खरोखर भीती वाटावी.

नुसती चोरी यात बसत नाही. कुणी चार कणसं तोडली, भारा उचलला, तर मालकानं पकडावं, ठाण्यात द्यावं. गोळी घालायचा हक्क त्याला कुठल्याही कायद्यानं दिलेला नाही. आणि आपला पोरगा तर चोरही नव्हता. वाटेनं चालला होता.

"डुक्कर वाटलं" हेही पुरेसं उत्तर नाही. बार कशावर काढतो आहोत हे न बघता रात्री माणसांच्या वाटेवर बार काढणं हा निष्काळजीपणा आहे, आणि निष्काळजीपणानं दुसऱ्याला इजा करणं हा गुन्हा आहे. खरंच चूक झाली असेल तरी तो गुन्हा आहे. चूक नसून सोंग असेल तर गुन्हा त्याहून मोठा.

हे सगळं मालकाला लागू आहे तसं आपल्यालाही लागू आहे. आपल्या बाईच्या अंगावर कुणी बळजबरी करायला आला तर तिला आणि तिच्या बाजूनं धावणाऱ्याला कलम ३८ पूर्ण बचावाचा हक्क देतं, समोरच्याचा जीव गेला तरी. हातात विळा असो की कुऱ्हाड. हे प्रत्येक बाईला माहीत पाहिजे. अस्वल अंगावर आलं तर १९७२ चा वन्यजीवांचा कायदासुद्धा जीव वाचवायला केलेला वार गुन्हा धरत नाही. तेव्हा "बचाव करू नका" असं आमचं म्हणणं नाही. मार खात बसा, असंही नाही.

मग आपण बंदूक का घेऊ नये

पहिलं कारण पैशाचं नाही, मालकीचं आहे. जमिनीचा दावा सगळ्या गावाचा असतो. मोर्चा सगळ्यांचा असतो. बंदूक एकाच माणसाची असते. परवाना एका नावावर, खांदा एकाचा, बोट एकाचं. वर्गणी गावानं काढली तरी ती कुणाच्यातरी घरात राहणार. मग तो माणूस बैठकीत कुठं बसेल? त्याच्या विरुद्ध कोण बोलेल? आज मालकाच्या खाटेवरच्या बंदुकीपुढं आपली जीभ अडखळते. उद्या आपल्याच कार्यकर्त्याच्या खाटेवरच्या बंदुकीपुढं अडखळेल.

दुसरं कारण आपल्या जुन्या लोकांनी रक्त देऊन शिकवलं आहे. १० ऑक्टोबर १९४५. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं तलवाडा गाव. तिथल्या वारल्यांनी वेठ बंद केली होती आणि गवत कापायची मजुरी पाचशे पौंडाला अडीच रुपये मागितली होती. जमीनदारांच्या माणसांनी रानोरान निरोप पसरवला: गोदूताई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, लाठ्या-काठ्या घेऊन या. हजारो माणसं जमली. इकडं जमीनदारांनीच सरकारला कळवलं की वारली हत्यारं घेऊन चालून आलेत. गोळीबार झाला. पाच जण गेले. त्यात जेठ्या गांगड होता. लोक तरी हलले नाहीत. गोदावरीबाई परुळेकरांचा निरोप पोचला तेव्हाच शिस्तीनं घरी गेले. त्यांनी उलटून कुणाचं घर जाळलं नाही, कुणाला मारलं नाही. आणि पुढं वेठ संपली ती संपलीच.

हे पुन्हा वाचा. आपल्या लोकांनी हातात हत्यार घेऊन जमावं अशी व्यवस्था कोण करत होतं? जमीनदार. कारण हातात हत्यार दिसलं की वेठीचा आणि मजुरीचा प्रश्न संपतो आणि दंग्याचा प्रश्न सुरू होतो. आजही तेच होईल. आपल्याकडं एक ठासणीची सापडली, की "जमीन कुणाची" हा सवाल कुणी विचारणार नाही. "बंदूक कुठून आणली" एवढंच विचारतील. विनापरवाना हत्याराची केस होईल. बार निघाला आणि कुणाला लागला तर खुनाच्या प्रयत्नाची, मेला तर खुनाची. वीस पोरं आत, वीस घरांची जमीन गहाण, वकिलाला बकऱ्या विकून पैसे. मालकाकडं एका केसला लढायला पैसा आहे. आपल्याकडं एका तारखेच्या एसटीच्या भाड्याची मारामार.

तिसरं, तेव्हाच्या आपल्या धुळे जिल्ह्यातलं. मे १९७१ मध्ये शहादे तालुक्यात पाटीलवाडीला काय झालं ते जुन्या माणसांना विचारा. दुष्काळाचे दिवस, पोटाला दाणा नाही, धान्याचा प्रश्न. मालकांच्या बाजूनं बंदुका चालल्या आणि एक आदिवासी मेला. त्या वेळीही कुणाच्यातरी मनात आलंच असेल की आता बदला घ्यावा. पण लोकांनी काय केलं? अंबरसिंग महाराजांच्या मागं गावंच्या गावं जमली. पुढच्या वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांचे पगार, किमान मजुरी, हातून गेलेल्या जमिनी, एकेक प्रश्न हातात घेतला. १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत द्यायचा कायदा झाला तो काही कुणाला दया आली म्हणून झाला नाही. पाटीलवाडीला बंदूक त्यांच्याकडं होती, तरी त्यानंतर गावागावातली भीती मोडली ती आपल्या बाजूची.

चौथं, बिहारकडं बघा. तिथं जमीनदारांनी आपल्या खासगी सेना उभ्या केल्या. १९७७ मध्ये बेलछी गावात गरिबांना मारून आगीत टाकलं. पुढं काही भागात भूमिहीनांच्या बाजूनंही बंदुका आल्या. खून, त्याचा बदला, त्या बदल्याचा बदला. दोन्हीकडून बार निघाले तरी जास्त चिता पेटल्या त्या गरिबांच्याच वस्तीत. त्या भागातल्या आपल्या भावांवर काय वेळ आली होती ते आपण इथं बसून तोलू नये. पण ती वाट कुठं जाते हे दिसत असताना डोळे मिटून तिच्यावर चालायचं कारण नाही.

बंदूक धरणारा हात कुणाचा

आणखी एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलू. रात्री शेतात बंदूक घेऊन बसतो तो बऱ्याचदा मालक नसतोच. मालक घरात झोपलेला असतो. बसतो तो रखवालदार. कधी तो बाहेरून आणलेला असतो, कधी आपल्याच पलीकडच्या पाड्यावरचा.

ही रीतही जुनी आहे. १८२५ साली इंग्रजांनी खानदेशात भिल्लांचीच एक पलटण उभी केली. औट्रम नावाचा साहेब तिचा प्रमुख. डोंगरातला भिल्ल गोऱ्या शिपायाला सापडत नव्हता, म्हणून भिल्लाच्या हातात बंदूक देऊन भिल्लावरच सोडला. पगार दिला, डगला दिला. त्याच खानदेशात १८५८ साली ११ एप्रिलला आंबापाणीला आपल्या लोकांनी इंग्रजांशी लढाई दिली आणि पुष्कळ माणसं गेली. आपल्या इतिहासात दोन्ही आहेत: बंदुकीपुढं छाती देणारेही आणि पगारावर बंदूक धरणारेही.

म्हणून रखवालदारांना आमचं सांगणं आहे. भाऊ, राखण करा, तो तुमचा रोजगार आहे. पण परवाना मालकाच्या नावावर आहे. परवान्यात तुमचं नाव नसेल तर ती बंदूक तुम्ही हातात धरणं हाच गुन्हा आहे. बार लागला तर मालक म्हणेल, मी घरी होतो, यानं परस्पर घेतली. जेलात तुम्ही जाल. मालकाला सांगा: काठी दे, बॅटरी दे, दुसरा माणूस जोडीला दे. बंदूक हवी तर तू स्वतः ये आणि बस.

आपल्या घरात बघू

दुसऱ्याच्या हिंसेवर लिहायचं आणि आपली झाकायची, असं या पत्रकात आम्ही करणार नाही.

तिरकामठा आपली ओळख आहे. होळीला, लग्नाला तो हातात असतो, असावा. मोर्चा निघायचा असला की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ कलमाखाली काठीवरसुद्धा बंदी येते, आणि मालकाची परवान्याची बंदूक मात्र बाकी सगळे दिवस मोकळी फिरते, याचा आपल्याला राग आहे, तो खरा आहे. पण हाच तिरकामठा दारूच्या नशेत भावावर चाललेला आपण पाहिला आहे. बांधाच्या हातभर जागेसाठी कुऱ्हाड चाललेली पाहिली आहे. डाकीण म्हणून कुणा विधवेला मारून टाकलं आणि सगळं गाव गप्प बसलं, हेही आपल्याच डोंगरात झालं आहे. तिथं कुठला मालक आला होता?

पोरांच्या त्या बैठकीत एक बाई शेवटी बसली होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही मालकासाठी बंदूक आणाल. मालक वर्षातून एकदा भांडतो. माझा नवरा दर बाजाराच्या दिवशी पिऊन येतो. ती आधी कुणावर रोखली जाईल?" त्यावर पोरं हसली. आम्हाला हसू आलं नाही. बंदुकीच्या प्रश्नावर त्या बैठकीत झालेलं हे सगळ्यात शहाणं बोलणं होतं.

काठीनं मारलं तर माणूस बहुतेक वेळा वाचतो. सकाळी नशा उतरते, पंच बसतात, दंड होतो, पुन्हा संसार चालतो. बंदुकीचा बार झाला की सकाळी पंचांना करायला काही उरत नाही. लहान पोरं घरात असतात, ती कशालाही हात लावतात. शहाद्याकडच्या आपल्या बायांनी १९७२ नंतर गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली, बायको मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. गावातली हिंसा कमी करायचं काम त्यांनी केलं. ते काम पुढं न्यायचं सोडून आपण घरात बंदूक आणायची का?

काही घरांत शिकारीची जुनी ठासणी आहे हे आम्हाला ठाऊक आहे. कुणाकडं आहे हे आम्ही विचारत नाही आणि छापतही नाही. एवढंच सांगतो: ती बैठकीला, मोर्चाला, जमिनीच्या ताब्याला आणू नका. तुमच्या एकाच्या हौसेसाठी सगळ्या गावाचा दावा धुळीला मिळेल.

मग करायचं काय

पुढची कामं अमावस्येच्या बैठकीत वाटून घ्यावी असं आम्हाला वाटतं.

१. यादी. प्रत्येक गावानं आपल्या शिवारातल्या बंदुकांची यादी करावी. बंदूक कुणाच्या नावावर, रात्री प्रत्यक्ष कोण धरतं, गेल्या दोन वर्षांत डुकरं किती मारली, माणसांना धाक किती वेळा दाखवला. तारीख आठवत नसेल तर सण सांगा, पीक सांगा, आम्ही लिहून घेऊ.

२. हरकत. बंदुकीचा परवाना कायमचा नसतो. साधारण पाच वर्षांनी तो नवा करून घ्यावा लागतो. त्या वेळी आणि त्याआधीही जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी हरकत घेता येते. शस्त्र कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणं सार्वजनिक शांततेसाठी, लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून परवाना तहकूब किंवा रद्द करायचा अधिकार त्यांना आहे. एकट्यानं अर्ज देऊ नये. अंगठे-सह्या गावाच्या घ्याव्या.

३. तक्रार. कुणाला बार लागला तर त्याच दिवशी चार माणसांनी मिळून ठाण्यात जावं. फिर्याद जशी सांगू तशी लिहून घ्या म्हणावं, वाचून दाखवा म्हणावं, आणि नक्कल मागावी. नक्कल फुकट मिळते, तो फिर्याद देणाऱ्याचा हक्क आहे. लिहून घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमाप्रमाणं तीच हकीकत पोस्टानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. रजिस्टर करून पाठवावी, पावती जपून ठेवावी. रक्ताचे कपडे धुऊ नयेत. डॉक्टरांनी काढलेले छर्रे आणि जखमांचा दाखला हा पुरावा आहे, तो फेकू देऊ नये.

४. वाट. जिथं वहिवाटीची पायवाट मालकाच्या शेतावरून जाते तिथं ती वाट कागदावर आणायचा अर्ज तहसीलदाराकडं द्यावा. तोवर रात्री एकट्यानं जाऊ नये. दोघं-तिघं मिळून, बोलत, उजेड घेऊन जावं. मग कुणाला डुक्कर वाटायला जागा राहणार नाही.

५. राखण. डुक्कर आपल्याही मक्यात येतं, आपल्या नेवाडातही येतं. आपल्याकडं बंदूक नाही म्हणून आपण पीक सोडून देत नाही. माळे बांधतो, शेकोटी करतो, डबा वाजवतो, गोफण मारतो. हेच चार घरांनी मिळून पाळीनं केलं तर झोपही मिळते आणि पीकही राहतं. जनावरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई सरकारनं दिली पाहिजे, ही मागणी पुढच्या मोर्चाच्या पत्रकात घालावी. मालकाच्या शेतातही डुकराचं नुकसान खरं असतं, ते आम्ही नाकारत नाही. या मागणीत तोही आपल्याबरोबर येऊ शकतो.

६. घर. प्रत्येक पाड्यावर बायांनी एक दिवस बसावं आणि पिऊन हात उचलणाऱ्यांबद्दल काय करायचं ते त्यांनीच ठरवावं. पुरुषांनी तिथं बसून शिकवू नये.

हे सगळं केलं तर उद्या न्याय मिळेल, असं वचन आम्ही देत नाही. तारखा पडतील. साहेब बदलतील. साक्षीदाराला कामावरून काढतील, तेव्हा त्याला गावानं सांभाळावं लागेल. पोरं म्हणतील, याला किती वर्षं लागतील? लागतील. जमिनीच्या दाव्यांना लागली तशी लागतील. पण जमिनीच्या दाव्यात आपण मागं हटलो नाही आणि गावागावात थोडी थोडी जमीन हातात आली, हे त्याच पोरांच्या घरातल्या चुली सांगतात.

राहिली वर्गणीची गोष्ट. बंदुकीसाठी जे पैसे जमले आहेत ते परत देऊ नयेत असं आमचं मत आहे. ते त्या पोराच्या गुडघ्याला लावावे. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं आहे. जायचा-यायचा खर्च, औषध, सोबत राहणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सगळं त्यातून जावं. उरलं तर तारखांच्या भाड्याला. वर्गणी ज्यांनी काढली त्यांनीच हिशेब ठेवावा आणि बैठकीत वाचून दाखवावा. वर्गणी काढण्यात त्यांनी जो जोर दाखवला तो वाया जाता कामा नये.

त्या पोराला आम्ही भेटून आलो. त्याला विचारलं, तुझ्यासाठी बंदूक घ्यायची म्हणतात, तुझं काय म्हणणं? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला त्या वाटेनं पुन्हा जायचं आहे. रात्रीचं. कुणाला न भिता." त्याला पाहिजे ती वाट आहे, आणि ती त्याला आपण सगळ्यांनी मिळून चालूनच मिळवून द्यायची आहे.

अमावस्येला या. ज्यांना आमचं पटलं नाही त्यांनी तर नक्की या आणि समोर बोला. जे ठरेल ते बैठकीत ठरेल, पत्रकात नाही.

जिंदाबाद.